ग्रह सूर्यापासून किती लांब? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला येणारी मंडळी, शाळेतली पोरं, त्यांचे आईबाबा, पंचांग रोज उघडणारे आजोबा, सगळ्यांकडून ग्रहांच्या अंतराबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एकदा सांगितलेली गोष्ट परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. पृथ्वी सूर्यापासून किती लांब आहे? एकच आकडा सांगा.

सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. बोलताना पंधरा कोटी म्हटलं तरी चालतं, परीक्षेत १४.९६ लिहा. उजेडाला हे अंतर कापायला साधारण ८ मिनिटं २० सेकंद लागतात.

२. मग नेटवर कुठे १४.७ कोटी दिसतं, कुठे १५.२ कोटी. बरोबर कोणतं?

दोन्ही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि सूर्य त्याच्या मध्यावर नसून एका नाभीवर आहे, त्यामुळे अंतर रोज थोडं थोडं बदलत असतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण सगळ्यात जवळ असतो, साधारण १४ कोटी ७१ लाख किमी, त्याला उपसूर्य म्हणतात, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब, १५ कोटी २१ लाख किमी, ते अपसूर्य. म्हणजे वर्षभरात पन्नास लाख किमीचा फरक पडतो.

आता एक गोष्ट घरी करून बघाच, कारण पुस्तकातल्या चित्रांनी याबाबतीत फार घोळ घातलाय, तिथे कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते. कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि सूर्याचा ठिपका मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर बाजूला द्या. झाली पृथ्वीची कक्षा! लंबवर्तुळ या मापाला वर्तुळापेक्षा जेवढं चपटं असतं तो फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे, पेन्सिलीची रेघच त्याहून कितीतरी जाड. कक्षा दिसायला गोलच आहे, फक्त सूर्य बाजूला सरकलेला आहे. बुधाचं असंच चित्र काढलंत तर त्यात ठिपका दोन सेंटिमीटर बाजूला जातो, तिथे मात्र डोळ्याला लगेच कळतं.

३. सगळ्या ग्रहांची अंतरं एकदाच द्या ना, पाठ करायला.

सूर्यापासून सरासरी अंतर, किलोमीटरमध्ये: बुध ५ कोटी ७९ लाख, शुक्र १० कोटी ८२ लाख, पृथ्वी १४ कोटी ९६ लाख, मंगळ २२ कोटी ७९ लाख, गुरू ७७ कोटी ८० लाख, शनी १४३ कोटी, युरेनस २८७ कोटी, नेपच्यून ४५० कोटी. पाठ करण्यापेक्षा नुसती उडी बघा, मंगळापर्यंत सगळे दाटीने आहेत आणि मंगळ ते गुरू एकदम तिप्पट-चौपट. त्या मधल्या जागेत लघुग्रहांचा पट्टा आहे. पलीकडे तर अजूनच मोकळं, युरेनस-नेपच्यूनमधलं अंतरच सूर्य ते शनी अंतरापेक्षा जास्त आहे.

४. एयू म्हणजे काय? किलोमीटरनी काय बिघडतं?

बिघडत काही नाही, शून्यं मोजून डोळे दुखतात एवढंच. एयू म्हणजे खगोलीय एकक, सूर्य-पृथ्वी सरासरी अंतर म्हणजे १ एयू. या मापात बुध ०.३९, शुक्र ०.७२, मंगळ १.५२, गुरू ५.२, शनी ९.५८, युरेनस १९.२ आणि नेपच्यून ३०.१. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ मध्ये बीजिंगच्या बैठकीत एयूची किंमत कायमची ठरवून टाकली, १४,९५,९७,८७०.७ किमी. त्यामुळे पुढे कधी पृथ्वीची कक्षा जरा बदलली तरी एयू तोच राहणार.

५. हे अंतर सूर्याच्या पृष्ठभागापासून धरतात की मध्यापासून?

मध्यापासून मध्यापर्यंत. सूर्याची त्रिज्या ६ लाख ९६ हजार किमी आहे, त्यामुळे पृष्ठभागापासून मोजलं तर तेवढं कमी भरेल. यानांच्या बातम्यांत मात्र बऱ्याचदा पृष्ठभागापासूनचं अंतर देतात, ते बघून घेत जा (प्रश्न १३).

६. जानेवारीत सूर्य जवळ असतो तर मग थंडी का पडते? हा प्रश्न वर्गात विचारला तर सर म्हणाले "अभ्यासक्रमात नाही".

प्रश्न अगदी योग्य आहे, विचारत राहा. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा साधारण ७ टक्के जास्त ऊन मिळतं हे खरंय, पण ऋतू ठरतात पृथ्वीच्या आसाच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्यामुळे. मुंबईचंच घ्या, डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर येतो आणि दिवस ११ तासांचा असतो, तर मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो हाच, आणि दिवस होतो तेरा तासांचा. तिरकं ऊन आणि तेही कमी वेळ, यापुढे ७ टक्क्यांचं काही चालत नाही. आणि त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियात कडक उन्हाळा असतो, अंतर तर त्यांचंही तेवढंच.

अंतराचा परिणाम दुसरीकडे दिसतो. जवळ असताना पृथ्वी जोरात पळते, सेकंदाला ३०.३ किमी, आणि लांब असताना २९.३. म्हणून मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस होतात आणि उरलेल्या अर्ध्या भागात फक्त १७९. कॅलेंडर घेऊन मोजा, आपला हिवाळ्याकडचा भाग आठवडाभर लहान निघतो. फेब्रुवारीत २८ दिवस आहेत हे त्याचं कारण नाही, पृथ्वी तेवढ्यात खरंच पुढे गेलेली असते.

७. "उद्यापासून अल्फेलियन सुरू, सूर्य ६६ टक्के लांब जाणार, सर्दी-खोकला वाढणार" असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आलाय. खरंय का?

खोटंय, आणि जवळजवळ दरवर्षी फिरतो. "अल्फेलियन" म्हणजे त्यांना अ‍ॅफेलियन, आपला अपसूर्य, म्हणायचं असतं. त्यात लिहिलेलं असतं की नेहमीचं अंतर ९ कोटी किमी, म्हणजे ५ प्रकाश-मिनिटं, आणि आता ते १५.२ कोटी होणार. १५.२ कोटी हा जुलैचा आकडा बरोबर आहे पण ९ कोटी किमीवर पृथ्वी कधीच नसते, तेवढं जवळ तर शुक्रसुद्धा जात नाही. खरा फरक सरासरीपेक्षा २५ लाख किमीचा, म्हणजे पावणेदोन टक्के, तोही तीन महिन्यांत हळूहळू झालेला. जुलैत सर्दी-खोकला होतो तो पावसाळ्यामुळे. ग्रुपवर काकांना तोडून बोलू नका, प्रश्न १ आणि २ मधले आकडे पाठवा आणि वजाबाकी त्यांनाच करू द्या.

८. ग्रहाचं वर्ष आणि त्याचं अंतर यांचा काही संबंध असतो का?

असतो आणि तो इतका घट्ट आहे की एक कळलं की दुसरं काढता येतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१९ मध्ये हा नियम मांडला. ग्रहाला एका फेरीला किती वर्षं लागतात त्या आकड्याचा वर्ग करा, तो एयूमधल्या अंतराच्या घनाइतका असतो. गुरू ५.२ एयूवर आहे, ५.२ चा घन १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६, आणि गुरूला एका फेरीला ११.८६ वर्षंच लागतात. मला विचाराल तर अख्ख्या पानावरची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, पुढचा प्रश्न त्यासाठीच घेतलाय.

९. ताई, आमच्याकडे टेलिस्कोप नाही, फक्त पंचांग आहे. त्यावरून शनीचं अंतर निघेल का?

निघेल, आणि छान निघेल. साडेसाती साडेसात वर्षांची असते आणि त्यात शनी तीन राशी ओलांडतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, म्हणजे एका राशीला अडीच वर्षं. बारा राशींना तीस वर्षं. तीसचा वर्ग ९०० आणि ९०० चं घनमूळ ९.६५. खरा आकडा ९.५८! साडेसातीवर विश्वास असो नसो, अंतर एक टक्क्याच्या आत येतं, कारण शनी राशी बदलतो ते शतकानुशतकं लोकांनी डोळ्यांनी बघून नोंदवलेलं आहे.

गुरूचंही बघा. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, २०१५ नंतर आता २०२६-२७. साधारण बारा वर्षं धरली तर १२ चा वर्ग १४४, घनमूळ ५.२४, खरं अंतर ५.२. आणि बारा हा पूर्ण आकडा नाही, ११.८६ आहे, त्यामुळे दर फेरीला दीड-पावणेदोन महिने मागे पडत जातात आणि कधीतरी कुंभमेळा अकराव्या वर्षी घ्यावा लागतो. हरिद्वारला असंच झालं, २०१० नंतरचा कुंभ २०२१ मध्ये झाला.

मधे ग्रह वक्री होतात, मागे जाऊन परत पुढे येतात, त्यामुळे एकाच राशीचा हिशोब केला तर चुकेल. पूर्ण फेरीचा किंवा निदान तीन-चार राशींचा घ्या. बुध-शुक्राला ही युक्ती चालत नाही, ते सूर्याच्या आसपासच दिसत राहतात त्यामुळे त्यांना राशीचक्र फिरायला सरासरी एक वर्षच लागतं. त्यांचं अंतर ते आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त किती अंश लांब जातात त्यावरून काढतात.

१०. पण किलोमीटर कसे कळले? तिथे कोण टेप घेऊन गेलं होतं?

केप्लरच्या नियमाने फक्त प्रमाण मिळतं, कोण कोणाच्या कितीपट लांब आहे ते. एक तरी अंतर किलोमीटरमध्ये मोजल्याशिवाय बाकीची निघत नाहीत. १६७२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनी पॅरिसमधून आणि त्याचा सहकारी रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेनमधून एकाच वेळी मंगळ बघत होते, दोन ठिकाणांहून मंगळ ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर जरासा सरकलेला दिसतो, त्या सरकण्यावरून त्यांनी सूर्याचं अंतर १४ कोटी किमीच्या आसपास आणलं. त्या काळच्या दुर्बिणी बघता हे फार मोठं काम आहे.

पुढे हॅलीने शुक्राच्या अधिक्रमणाची पद्धत सुचवली, म्हणजे शुक्र सूर्याच्या तबकडीवरून जाताना वेगवेगळ्या ठिकाणांहून वेळ मोजायची. १७६१ आणि १७६९ च्या अधिक्रमणांसाठी माणसं जगभर गेली. त्यातला फ्रेंच ल जांतिय आपल्या पाँडिचेरीला यायला निघाला, पण पोचेपर्यंत ती इंग्रजांनी घेतली होती आणि १७६१ चं अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून बघावं लागलं, जिथून नीट मोजमाप शक्यच नव्हतं. तो परत गेला नाही, आठ वर्षं याच भागात थांबला, १७६९ ला पाँडिचेरीत सगळी तयारी करून बसला आणि ऐन वेळी ढग आले. त्याचं नाव काढलं की मला अजूनही वाईट वाटतं.

आपल्यापैकी अनेकांनी ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ चं अधिक्रमण फिल्टरमधून बघितलं असेल, पुढचं थेट २११७ मध्ये आहे. आता अंतर त्यावरून काढत नाहीत, १९६१ मध्ये शुक्रावर रडारचे सिग्नल पाठवून परतीची वेळ मोजली आणि तिथून पुढे अचूकता कुठल्या कुठे गेली.

११. पंचांगात "गुरू अस्त" असतो तेव्हा गुरू सूर्याच्या जवळ गेलेला असतो का? लग्नं त्यामुळेच थांबतात ना?

लग्नाचं धर्मशास्त्र बघणाऱ्यांना विचारा, अंतराचं मी सांगते. अस्त म्हणजे आपल्याला दिसताना ग्रह सूर्याच्या इतक्या शेजारी असतो की उजेडात हरवतो. प्रत्यक्षात तेव्हा गुरू सूर्याच्या पलीकडे असतो, त्याचं सूर्यापासूनचं अंतर तेच पाच-सव्वापाच एयू आणि आपल्यापासून मात्र तो सगळ्यात लांब, सहा एयूच्या वर. गुरू खरोखर सूर्याच्या जवळ येतो ते त्याच्या बारा वर्षांच्या फेरीत एकदा, ७४ कोटी किमीपर्यंत, आणि लांब जातो ८१ कोटींच्या वर. मागचा उपसूर्य जानेवारी २०२३ ला झाला, त्याचा पंचांगातल्या अस्ताशी संबंध नाही. शुक्राचा अस्त दोन प्रकारचा असतो, एकदा तो सूर्याच्या मागून जातो आणि एकदा पुढून, म्हणून एक अस्त बराच लांबतो आणि दुसरा थोड्या दिवसांत आटपतो.

१२. बुध जास्त जवळ आहे तर शुक्र जास्त गरम कसा?

वातावरणामुळे. शुक्रावर जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साईड आहे आणि दाब आपल्या नव्वदपट, उष्णता आत अडकते, त्यामुळे दिवसरात्र ४६५ अंशांच्या आसपास. बुधावर दुपारी ४३० आणि रात्री उणे १८०.

१३. आदित्य एल-१ सूर्याजवळ गेलंय ना? मग ते वितळत कसं नाही?

ते पृथ्वीपासून १५ लाख किमीवर आहे, म्हणजे सूर्याच्या वाटेवर फक्त एक टक्का. ६ जानेवारी २०२४ ला ते तिथे पोचलं आणि तिथे थांबून सूर्य बघतं, उन्हाचा जोर तिथे आपल्यापेक्षा किंचितच जास्त. खरंच जवळ गेलं ते नासाचं पार्कर यान, २४ डिसेंबर २०२४ ला पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवर. तेवढं जवळ जायला त्याला सात वेळा शुक्राजवळून जाऊन वेग कमी करून घ्यावा लागला, कारण पृथ्वीवरून निघालेल्या कुठल्याही वस्तूला पृथ्वीचा सेकंदाला ३० किमीचा आडवा वेग आयताच मिळालेला असतो आणि तो काढून टाकल्याशिवाय सूर्याकडे पडताच येत नाही. "ग्रह सूर्यात का पडत नाहीत" असं विचारणाऱ्यांनाही उत्तर हेच, ते सतत पडत असतात पण आडवा वेग इतका आहे की दरवेळी बाजूने निघून जातात.

१४. आपल्याला सगळ्यात जवळचा ग्रह शुक्र की मंगळ? क्विझमध्ये भांडण झालं.

शुक्र सगळ्यात जवळ येतो, ४ कोटी किमीच्या आत. मंगळ २७ ऑगस्ट २००३ ला ५ कोटी ५८ लाख किमीवर आला होता आणि ते सुमारे ६० हजार वर्षांतलं सगळ्यात कमी अंतर होतं (मंगळ चंद्राएवढा दिसणार हा फॉरवर्ड त्याचाच, दुर्लक्ष करा). पण पूर्ण काळाची सरासरी काढली तर उत्तर येतं बुध! कारण शुक्र जेव्हा सूर्यापलीकडे जातो तेव्हा तो फार लांब पडतो, बुध आपला कधीच फार लांब जात नाही. त्यामुळे क्विझमध्ये प्रश्न कसा विचारलाय ते आधी बघा.

१५. प्लुटो नेपच्यूनच्या आत येतो म्हणे, मग धडक नाही होत?

येतो. फेब्रुवारी १९७९ ते फेब्रुवारी १९९९ ही वीस वर्षं प्लुटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, त्याचं अंतर २९.७ पासून ४९.३ एयूपर्यंत बदलतं. धडक होत नाही कारण त्याची कक्षा १७ अंशांनी कललेली आहे, आणि नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लुटोच्या बरोबर दोन, त्यामुळे प्लुटो आत येतो तेव्हा नेपच्यून नेहमी दुसरीकडेच असतो. खरं तर प्लुटो नेपच्यूनपेक्षा युरेनसच्या जास्त जवळ जाऊ शकतो.

१६. अंतरांत काही पॅटर्न आहे का? ०, ३, ६, १२ असं काहीतरी वाचलं होतं.

त्याला टिटियस-बोडेचा नियम म्हणतात. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ घ्या, प्रत्येकात ४ मिळवा, १० ने भागा: ०.४, ०.७, १, १.६, २.८, ५.२, १०. प्रश्न ४ शी ताडून बघा, २.८ सोडून सगळे जवळपास जुळतात. १७८१ ला युरेनस सापडला तोही जुळला, मग १ जानेवारी १८०१ ला पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला २.७७ एयूवर, लघुग्रहांच्या पट्ट्यात, सेरेस सापडला आणि लोकांना वाटलं नियम पक्का. १८४६ ला नेपच्यून सापडला, नियमाने ३८.८ हवा होता, निघाला ३०.१ वर. यामागे केप्लरच्या नियमासारखं कारण कोणाला दाखवता आलेलं नाही, त्यामुळे लक्षात ठेवायला वापरा, सिद्ध करायला नको.

१७. "सरासरी अंतर" म्हणजे जवळचं अधिक लांबचं भागिले दोन ना?

पुस्तकातला आकडा तसाच असतो, हो. पण ग्रह लांब असताना हळू चालतो म्हणून तिथे जास्त वेळ घालवतो, त्यामुळे रोजचं अंतर लिहून वर्षभराची सरासरी काढलीत तर ती जरा जास्त येईल. पृथ्वीसाठी फरक फक्त २१ हजार किमीचा आहे, बुधासाठी मात्र १२ लाख किमी, कारण बुध ४ कोटी ६० लाख ते ६ कोटी ९८ लाख असा हेलकावतो. केप्लरच्या नियमात नेहमी पहिली, भागिले दोनवाली सरासरी घालायची.

१८. उपसूर्याची तारीख दरवर्षी का बदलते? कधी २, कधी ५ जानेवारी.

मुख्य कारण चंद्र. सूर्याभोवती गुळगुळीत कक्षेत फिरतो तो पृथ्वी-चंद्राचा सामाईक गुरुत्वमध्य, आणि पृथ्वीचं केंद्र त्या बिंदूभोवती महिन्यातून एकदा साधारण ४,७०० किमीने डोलतं. उपसूर्याच्या आसपास अंतर इतकं हळू बदलत असतं की एवढ्याशा डोलण्यानेही दिवस पुढे-मागे होतो. बाकी थोडा वाटा लीप वर्षाचा.

१९. अंतर कायम हेच राहणार का?

सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त वस्तुमान उजेडाच्या रूपात घालवतोय, त्यामुळे त्याची पकड सैल होते आणि पृथ्वी वर्षाला दीडेक सेंटिमीटर लांब सरकते. हवामान बदलाचं खापर यावर फोडणारे मेसेज येतात, त्यांना ही दीड सेंटिमीटर दाखवा.

२०. वर्ग-घनाचं सूत्र दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांना चालतं का?

चालतं, पण एक दुरुस्ती करून. प्रश्न ८ मधलं सूत्र सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी आहे. तारा जड असेल तर वर्षांच्या वर्गाला आधी ताऱ्याच्या वस्तुमानाने (सूर्य = १ धरून) गुणा आणि मग घनमूळ काढा. भारताने २०१९ मध्ये एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ विभा चौधुरींच्या नावावरून बिभा आणि त्याच्या ग्रहाला संतमस हे नाव दिलं. संतमसची फेरी सव्वादोन दिवसांच्या आतच पूर्ण होते, म्हणजे तो त्याच्या ताऱ्याला आपल्या बुधापेक्षा साधारण दहापट जवळ आहे. तिथपर्यंत यान गेलेलं नाही आणि रडारही पोचत नाही, ताऱ्याच्या उजेडातलं ठरावीक दिवसांनी होणारं हलणं बघून आधी त्याचं वर्ष कळलं आणि वर्षावरून अंतर.